तीनच मिनिटं मागे

मित्रांनो, मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे, पण आत्ता किती वाजले हे तेवढं मला विचारू नका. घड्याळानेच असं म्हणावं, याचं तुम्हाला हसू येईल. मलाही येतं. पण माझं सगळं आयुष्य याच घोळात गेलं. मी चुकलो तेव्हा लोकांनी माझी पाठ थोपटली आणि एकदा अगदी बरोबर वेळ दाखवली, तर मोठा घात होता होता राहिला. बरोबर म्हणजे काय आणि चूक म्हणजे काय, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्ही माझी हकीकत ऐका, आणि तुम्हाला काही कळलं तर मला सांगा.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. लांबलचक बाकावर ओळीने बसलेल्या बायकांनी मला घडवलं. एकीने चाकं बसवली, दुसरीने काटे, तिसरीने पांढऱ्या तबकडीवर काच. शेवटी चष्मा लावलेल्या तपासनीसबाईंनी मला भिंतीला टांगलं आणि दिवसभर चालवून पाहिलं. संध्याकाळी त्या शेजारणीला म्हणाल्या की याची एका सेकंदाचीही चूक नाही. ते वाक्य मी मनात पक्कं धरून बसलो. पुढे माझी जी पंचाईत झाली, तिचं मूळ त्या कौतुकातच होतं.

माझी जात जरा वेगळी आहे. मला किल्ली द्यावी लागत नाही आणि माझ्या पोटात सेलही नसतात. पाठीतून एक वायर निघते, ती भिंतीवरच्या बोर्डात खोचली की मी चालू लागतो. वीज असेपर्यंत माझ्याइतकं नेमकं कोणी नाही. वीज गेली की मी जागच्या जागी थांबतो आणि आली की थांबलो होतो तिथूनच पुढे निघतो. कारखान्यात वीज कधी जातच नसे, त्यामुळे आपल्यात असा काही गुण आहे, याचा मला पत्ताच नव्हता.

तिथून मला एका लहान गावातल्या दवाखान्यात धाडलं. गावात नुकत्याच विजेच्या तारा आल्या होत्या. दवाखाना म्हणजे दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत दोन बाकडी, एक वजनकाटा आणि औषधांचं लोखंडी कपाट, आतल्या खोलीत एक खाट. मला बाहेरच्या खोलीत दाराच्या समोर टांगलं ते शिपाईमामांनी. त्यांना सगळं गाव मामाच म्हणे. दवाखान्याचं कुलूप उघडण्यापासून रडणाऱ्या पोरांना गप्प करण्यापर्यंत सगळी कामं तेच करत. किल्लीशिवाय चालणारं घड्याळ म्हणून लोक मला मुद्दाम पाहायला आले. बरं नसलेले आले, आणि अगदी ठणठणीत होते तेही आले. मामा प्रत्येकाला सांगत, की हे विजेवर चालतं, चुकायचं नावच नाही. माझी छाती फुगली. घड्याळाला छाती नसते म्हणा, पण तबकडी तर असते!

तिसऱ्या दिवशी जग धडपडायला लागलं. मामा दाराशी झाडू मारत होते आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो. पापणी लवते न लवते तोच मामा गायब, झाडू कोपऱ्यात आणि खिडकीतलं ऊन जमिनीवरून उडी मारून थेट भिंतीवर. बाकड्यावर एकही माणूस नव्हता, तिथे आता पाच जण बसले होते. मी घाबरलो. माझा तर एक सेकंदही इकडचा तिकडे झाला नव्हता. मग हे सगळे एवढी घाई करून कुठे निघाले होते?

मित्रांनो, वीज गेली होती हे तुमच्या लगेच ध्यानात आलं असेल. मला मात्र ते कळायला फार दिवस लागले. जो झोपेत असतो त्याला आपण झोपलो होतो हे कोण सांगणार? मी माझ्या परीने अगदी बिनचूक चालत होतो. दिवसातून तीन-चार वेळा जगच अशी उडी मारे आणि मग सगळे मिळून मलाच नावं ठेवत. सकाळी दहाला मी सात दाखवी, दुपारी तीनला अकरा. दवाखान्याचे कायमचे बारा वाजलेत, असं म्हणून लोक हसत. ज्यांनी महिन्यापूर्वी कौतुक केलं होतं, त्यांचीच ही तोंडं होती.

मामांना फार वाईट वाटे. त्यांनी मला टांगलं होतं, त्यामुळे माझी लाज ती त्यांची लाज. त्यांच्या मनगटावर किल्लीचं एक जुनं घड्याळ होतं. रोज सकाळी कुलूप उघडलं की ते स्टुलावर चढत, मनगटावर पाहत आणि माझ्या पाठीमागची कळ फिरवून माझे काटे पुढे ओढत. तेव्हा पुटपुटत की शहाण्यासारखं वागावं, चार लोक येतात. मी निमूटपणे ऐकून घेत असे. आपलं काय चुकतंय, हेच मला समजत नव्हतं.

काही वर्षं अशी गेल्यावर दवाखान्यात नवीन नर्सबाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग लसींचा फ्रीज आला. तो माझ्याच बोर्डावर बसला. घुर्र घुर्र करणारा, अंगाने आडवा, पण स्वभावाने गरीब. नर्सबाई त्याला फार जपत. लस थंडीतच जगते, ऊब लागली की तिच्यातली ताकद जाते आणि दिसायला मात्र ती तशीच दिसते, हे त्या येणाऱ्या प्रत्येक आईला सांगत. फ्रीजमधला बर्फ वीज गेल्यावर आठ तास टिके. त्याहून जास्त वेळ वीज गेली, तर आतली लस फेकून द्यायची, असा त्यांचा नियम होता.

अडचण एवढीच होती, की रात्री दवाखाना बंद असताना वीज किती तास गेली होती, हे सकाळी कळायचं कसं? फ्रीजमध्ये तापमान दाखवणारी एक काचेची नळी होती, पण ती पाहाल त्या क्षणाचंच सांगे. मागचं तिला काही आठवत नसे. नर्सबाई रोज सकाळी काळजीत असत. आसपास विचारत, तर एक म्हणे दोन तास, दुसरा म्हणे सहा.

एका सकाळी मामा स्टुलावर चढले आणि त्यांचा हात माझ्या कळेपर्यंत पोचला, तेवढ्यात नर्सबाईंनी त्यांना थांबायला सांगितलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग आपल्या मनगटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्याकडे इतका वेळ कोणी कधी पाहिलं नव्हतं. मग त्या हसायला लागल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणाल्या. घड्याळ पाच तास मागे आहे, म्हणजे काल सकाळपासून वीज पाच तास गेली होती. फ्रीज आणि घड्याळ एकाच बोर्डावर आहेत. घड्याळ जितकं मागे, तितका वेळ फ्रीज बंद.

त्या दिवसापासून माझं नशीब फिरलं. नर्सबाईंनी एक वही सुरू केली. रोज सकाळी आल्या की मी किती मागे आहे ते त्यात लिहायचं आणि मग स्वतःच्या हाताने मला बरोबर लावायचं. माझ्याखाली एक कागदही चिकटवला, की घड्याळाला कोणीही हात लावू नये. आता मी चार तास चुकलो की त्या "शाबास" म्हणत. मी अर्ध्या तासानेच चुकलो तर आनंदाने टाळी वाजवत. मी चक्रावून गेलो. तपासनीसबाईंनी माझी एका सेकंदाचीही चूक नाही म्हणून कौतुक केलं होतं, या बाई चुकीचं कौतुक करत होत्या. खरं कोणाचं मानायचं? मामाही गोंधळले होते. चुकलेलं घड्याळ चार लोकांसमोर तसंच ठेवायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

आता मामांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ते या गावातले नव्हते. गावामागच्या टेकडीवर वरची वस्ती म्हणून पंचवीस-तीस घरं होती, तिथे ते राहत. खाली यायला त्यांना दीड तास चालावं लागे. वरच्या वस्तीला वीज नव्हती. तारा नाहीत, खांब नाहीत, साधा एक बल्ब नाही. मामा रोज विजेच्या घड्याळाखाली बसून काम करत आणि संध्याकाळी अंधाऱ्या घरी जात.

नर्सबाईंनी वहीच्या जोरावर वीज कार्यालयाला अर्ज केला. गावाला येणारी लाइन लांबून, दरीच्या बाजूने येई आणि सारखी बंद पडे. टेकडीच्या पलीकडून मोठी लाइन जात होती. तिथून दवाखान्यासाठी वेगळी लाइन द्यावी, असं त्यांचं मागणं होतं. ती लाइन यायची तर वरच्या वस्तीवरूनच यावी लागणार, म्हणजे तिथेही वीज येणार. मामांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस शीळ घालत झाडू मारत होते. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. नातवंड उजेडात वाढेल, असं ते येईल त्याला सांगत.

चार महिन्यांनी वीज कार्यालयातले साहेब पाहणीला येणार असं पत्र आलं. मामांनी आदल्या दिवशी दवाखाना धुऊन काढला. कपाट पुसलं, बाकडी उन्हात ठेवली. साहेब येणार त्या सकाळी नर्सबाई त्यांना आणायला रस्त्यापर्यंत गेल्या. मामा एकटेच उरले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी त्या दिवशी सहा तास मागे होतो. मामांनी कागद वाचला, दाराकडे पाहिलं, कागद पुन्हा वाचला. एवढा मोठा माणूस येणार आणि समोरच चुकलेलं घड्याळ! पाहुण्यांपुढे घरचं वाकडं दिसू नये, हाच त्यांचा आयुष्यभराचा धर्म. ते स्टुलावर चढले आणि त्यांनी मला अगदी मिनिटावर आणून ठेवलं. मग फडक्याने माझी काचही पुसली.

साहेब आले. बिचारे घामाघूम झाले होते, हातात जाडजूड फाइल होती. त्यांच्या कागदावर या गावाला रोज बावीस तास वीज मिळत होती. नर्सबाईंनी वही उघडली आणि मागे न पाहताच माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, की वही राहू द्या, हे घड्याळच बघा किती मागे आहे. साहेबांनी मला पाहिलं. मनगटावर पाहिलं. पुन्हा मला पाहिलं.

"बाई, हे तर अगदी बरोबर आहे," ते म्हणाले.

नर्सबाई वळल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मामा चहाचा कप घेऊन मधेच थबकले. आपण काय करून बसलो, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार, कारण कपातला चहा बशीत सांडला. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, त्यांनी ती तशीच झाकून ठेवली. साहेब म्हणाले की वही काय, कोणीही लिहू शकतं. अर्जावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि ते निघून गेले.

मी बरोबर होतो, मित्रांनो. मी कधी नव्हे तो पाहुण्यांसमोर बरोबर होतो आणि खोलीतली दोन्ही माणसं रडवेली झाली होती. नर्सबाई मामांना ओरडल्या नाहीत. त्या एवढंच बोलल्या, "मामा, या खोलीत खरं बोलणारं ते एकच होतं."

मामांनी माझ्याकडे पाहून शपथ घेतली, की यापुढे या घड्याळाला माझा हात लागणार नाही. ती त्यांनी पाळली.

त्यांना नात झाली. आता तिच्या पहिल्या लसीची वेळ आली होती. वरच्या वस्तीतले लोक लस टोचून घ्यायला कधी येत नसत. दोन वर्षांपूर्वी तिथे गोवराने तीन मुलं गेली होती, तरी सुईची भीती त्याहून मोठी होती. मामा दारोदार फिरले, हातापाया पडले. अखेर नऊ बाया तयार झाल्या, आणि त्यांत मामांची सून. सोमवारची सकाळ ठरली. नर्सबाईंना शनिवारी शहरातल्या बैठकीला जायचं होतं. त्यांनी शनिवारी संध्याकाळी मला बरोबर लावलं, दाराला कुलूप घातलं आणि त्या गेल्या. रविवारी सुट्टी होती, मामा वस्तीत घरी होते. खोलीत मी आणि फ्रीज, दोघंच उरलो.

त्या रविवारी मला आलेला अनुभव मी जन्मात विसरणार नाही. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं. पुढच्या क्षणी सात वाजून वीस मिनिटंच झाली होती आणि खोलीत संध्याकाळ होती. काटे जागचे हलले नव्हते आणि दिवस मात्र संपला होता. मला काही सुधरेना. सात वीस तर सकाळी वाजले होते, मग पुन्हा कसे वाजले? जगाने उडी मारायची तरी किती मोठी मारावी! फ्रीज माझ्या शेजारी जीव खाऊन घुरघुरत होता. तोही झोपेतूनच उठला होता, त्याला काय विचारणार?

सोमवारी मामा लवकर आले. कुलूप उघडून त्यांनी आधी मनगट पाहिलं, मग मला. त्यांचा चेहरा फुलला. नर्सबाई नऊ वाजता बसमधून उतरून तशाच आल्या, तेव्हा मामा दारातूनच सांगू लागले की मी हात लावलेला नाही, तरी घड्याळ बरोबर आहे. नर्सबाईंनी आपलं मनगट माझ्यासमोर धरलं. मी तीनच मिनिटं मागे होतो. त्यांनी फ्रीज उघडला. बर्फ कडक, काचेची नळी व्यवस्थित. त्यांनी वहीत "तीन मिनिटं" असं लिहिलं आणि शाबास म्हणून माझ्या काचेवर टिचकी मारली. आत मी तळमळत होतो. काहीतरी चुकलंय एवढंच मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. आणि कळलं असतं तरी घड्याळाला दोन काट्यांनी असं कितीसं बोलता येतं?

बायकांची रांग लागली. सगळ्यांत पुढे मामांची सून, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात. तिच्या मागे वस्तीच्या आठ जणी, दीड तास डोंगर उतरून आलेल्या, भेदरलेल्या. त्यांच्यामागे गावातल्या. नर्सबाईंनी कुपीतून सुईत लस भरली. नातीची मांडी कापसाने पुसली. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांना पाहवेना.

तेवढ्यात गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी रांगेतून हळूच विचारलं, की बाळाला काल आंघोळ घातलेली नाही, तर सुई चालेल ना? काल दिवसभर नळाला पाणी नव्हतं.

नर्सबाईंचा हात थांबला. "पाणी का नव्हतं?"

"टाकीचा पंप बंद होता ना. वीज सकाळी चहाच्या वेळी गेली, ती दिवे लागायला आली."

नर्सबाईंनी सुई ताटलीत ठेवली. त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचे ओठ हलत होते, बोटं एकेक करून मिटत होती. सात, आठ, नऊ. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी त्या मोजतच होत्या. माझ्या तबकडीवर बाराच आकडे आहेत, मित्रांनो. बारा तास थांबलं, की काटा जिथे असायला हवा तिथेच पुन्हा असतो. मी तीन मिनिटं मागे नव्हतो. मी बारा तास आणि तीन मिनिटं मागे होतो. फ्रीजमधला बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठला होता. लस मेली होती आणि जिवंत दिसत होती.

 दवाखान्याची किल्ली मामांकडे होती, पण ते वर वस्तीत होते. ज्याच्या घरी वीजच नाही, त्याला ती गेल्याचं कसं कळणार?

नर्सबाईंनी सगळ्यांना खरं ते सांगितलं. ही लस टोचली तर पाणी टोचल्यासारखं होईल. बाळाला लस मिळाली, असं तुम्हाला वाटेल आणि उद्या साथ आली की ते उघडं पडेल. रांगेत कुजबुज सुरू झाली. वस्तीतली एक म्हातारी बडबडली, की आधी सुई घ्या म्हणून मागे लागायचं आणि पोरं आणल्यावर घेऊ नका म्हणायचं, हा काय पोरखेळ आहे. एकेक करून बाया उठल्या. मामांची सून शेवटी उठली. तिने मुलीला खांद्यावर टाकलं आणि नर्सबाईंकडे पाहिलंही नाही.

"रागवा माझ्यावर," नर्सबाई तिला म्हणाल्या, "पण गुरुवारी परत या. मी नवीन लस स्वतः घेऊन येते."

त्या दुपारी त्यांनी साऱ्या कुप्या रिकाम्या केल्या. मामा बादली धरून उभे होते. संध्याकाळी मामा वस्तीत गेले आणि पुन्हा दारोदार फिरले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. गुरुवारी नऊपैकी सहा बाया आल्या. सून आली. नातीला सुई टोचली तेव्हा ती अशी किंचाळली, की मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेल्या तिघी मात्र आल्या नाहीत. त्यांच्याकडे नर्सबाई पुढे सहा महिने टेकडी चढून जात होत्या.

नर्सबाईंनी घडलेलं सगळं लिहून पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच साहेब आले, तीच फाइल. या वेळी मी सव्वाचार तास मागे होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते जरासे हसले. म्हणाले की मागच्या वेळी हे बरोबर होतं, आज मी येणार म्हणून मागे केलेलं दिसतंय.  घड्याळ पुढे नेता येतं तसं मागेही नेता येतं. साहेब उठायला लागले.

तेव्हा मामा पुढे आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्या काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो पाहवत नव्हता.

"साहेब, मागच्या वेळी घड्याळ मी पुढे केलं होतं," ते म्हणाले. "सहा तास. तुमच्यासमोर चुकलेलं दिसायला नको म्हणून. माझ्या घरी वीज नाही. ती गेली की काय होतं, हे मला माहीतच नव्हतं. मला एवढंच वाटायचं, की घड्याळ चुकलं की आपली लाज जाते."

साहेब पुन्हा खाली बसले.  मग त्यांनी स्वतः मला मिनिटावर लावलं, माझ्या पाठीमागच्या कळेवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली. आठवडाभर ती फाटता कामा नये. मी किती मागे पडलो, हे दर सकाळी आणि दर संध्याकाळी दोघांनी मिळून लिहायचं. दोनदा का, तर बारा तासांचा घोळ पुन्हा नको म्हणून. तो आठवडा मला परीक्षेसारखा गेला. मामा माझ्यापासून दोन हात लांबूनच झाडू मारत.

सात दिवसांनी साहेब आले, तेव्हा पट्टी शाबूत होती आणि मी एक तास मागे होतो. साहेबांनी वहीतली बेरीज स्वतः केली. पंच्याऐंशी तास. तबकडीवर बारा-बारा तासांचे सात फेरे आणि वर एक तास. त्यांनी बेरीज दोनदा तपासली आणि माझ्या एका तासाकडे पाहून मान हलवली. आठवड्यातला निम्मा वेळ वीज नव्हती. बावीस तासांचा कागद त्यांनी फाइलमधून काढून खाली ठेवला.

खांब यायला दीड वर्ष लागलं. माझ्या खिडकीतून ते टेकडीवर एकेक करून चढताना दिसत. लाइन आली, वरच्या वस्तीवरूनच आली. मग दवाखान्यात नवा फ्रीज आला. त्याच्या पोटात एक यंत्र आहे, ते वीज कधी गेली, किती वेळ गेली, सगळं आपोआप टिपून ठेवतं. वीज तशी फारशी जातही नाही. मी रोज बरोबर वेळ दाखवू लागलो आणि माझ्याकडे कोणी पाहीना. कागद पिवळा पडला. काचेवर धूळ बसली. मी कधी नव्हे इतका बिनचूक होतो आणि कधी नव्हे इतका निरुपयोगी. खरं सांगतो, तेव्हा मला फार वाईट वाटलं. हे असं का व्हावं, ते मला आजही समजलेलं नाही.

दवाखान्याला रंग द्यायचा होता, तेव्हा मला उतरवून माळ्यावर टाकणार होते. मामांनी नर्सबाईंकडून मला मागून घेतलं आणि पोत्यात गुंडाळून टेकडी चढवली. आता मी त्यांच्या घरी, चुलीसमोरच्या भिंतीवर असतो. वस्तीची वीज अजून अधूनमधून जाते. पहिल्यांदा ती गेली तेव्हा मी वीस मिनिटं मागे पडलो. मामा सवयीने पेटीवर चढले, माझ्या कळेला हात लावला आणि तसाच परत घेतला. खाली उतरून सुनेला म्हणाले, "राहू दे. आधी बाईंना सांगून येतो."

तेव्हापासून हे चालूच आहे. मी किती मागे पडलो हे पाहून ते खाली जातात आणि नर्सबाईंना सांगतात. दवाखान्यातलं यंत्र सगळं टिपतं, पण वस्तीचं टिपत नाही. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर बाईंनी वरच्या वस्तीसाठी वेगळ्या ओळी आखल्या आहेत. मामा घरी परतले की मगच मला बरोबर लावतात.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही, गोंधळलेलं घड्याळ आहे. तरी एक विनंती करतो. तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात काही चुकलेलं दिसलं, तर लाज वाटते म्हणून ते घाईने पुसू नका. ते काय सांगू पाहतंय, ते आधी विचारा. आणि सगळं अगदी बरोबर दिसलं, तर रांगेतल्या एखाद्या ताईला नळाला पाणी होतं का, हेही विचारा.

मामांची नात आता सहा वर्षांची आहे. तिला घड्याळ वाचता येतं. परवा शेजारणीने तिला किती वाजले विचारलं. तिने मान वर करून मला नीट पाहिलं, आणि उत्तर देण्याआधी वळून आजोबांना विचारलं, "आजोबा, आज वीज किती वेळ गेली होती?"